समोरासमोर आल्यास उजवीकडे

सरांची आणि माझी ओळख टक्कर होऊन झाली. कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या फुटपाथवर, भर दुपारी. मी कॉलेजातून मावशीकडे निघाले होते आणि समोरून एक उंच, काटकुळे गृहस्थ येत होते. त्यांना वाट द्यावी म्हणून मी डावीकडे सरकले, तर ते त्यांच्या उजवीकडे सरकले, म्हणजे नेमके माझ्याच पुढ्यात. माझी पुस्तकं रस्त्यावर आणि त्यांची छत्री गटारात. माझ्या तोंडून "काय माणूस आहे" असं काहीतरी निघून गेलं.

"मराठी काय तू?" छत्री झटकत ते म्हणाले. "बरं झालं. मग नीट सांगता येईल. चूक तुझी आहे. समोरासमोर येणाऱ्या दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं असतं."

"असं कुठं लिहिलंय?"

"विमानाच्या नियमांत."

"पण आपण रस्त्यावर आहोत."

ते थबकले. माझं म्हणणं त्यांना पटलं असावं. "तेही खरं," ते म्हणाले. "पण जमिनीवर एक सवय आणि वर दुसरी सवय ठेवली, तर कधीतरी घोटाळा होणार. म्हणून मी एकच ठेवलीय."

त्यांनी माझी पुस्तकं गोळा करून दिली. त्यात भौतिकशास्त्राचं एक पुस्तक होतं. ते त्यांनी दोन पानं उलटून पाहिलं आणि मग, जणू आम्ही वर्षानुवर्षं ओळखतो अशा थाटात, सांगायला लागले. जक्कूरच्या मैदानावर फ्लाइंग क्लब आहे. खाजगी वैमानिकाचं लायसन्स कुणालाही काढता येतं. त्यासाठी जो नियमांचा पेपर द्यावा लागतो तो विषय ते शिकवतात.

"मुलींनाही काढता येतं?" मी विचारलं.

"नियमात 'व्यक्ती' असा शब्द आहे," सर म्हणाले. "सतरा वर्षं पुरी झालेली व्यक्ती. मी पुनःपुन्हा वाचलंय ते. तुझी झाली काय सतरा?"

माझी एकोणीस झाली होती.

"मग रविवारी ये. स्वल्प लवकर ये पण. ऊन चढलं की विमान हिंदकळतं."

ही पन्नासच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आम्ही तेव्हा राजाजीनगरात राहत होतो. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "अभ्यास सांभाळून कर." आईला मात्र एक शंका होती, विमानात साडी चालते का? ती शंका मी पुढच्याच रविवारी सरांपुढे ठेवली. सर हसले नाहीत. "पोशाखाबद्दल नियमांत काही नाही," ते म्हणाले, "पण पदर पंख्याच्या जवळ जाता कामा नये, हे मी सांगतो." मी भावाची पँट घालून जायला लागले.

सरांचा वर्ग हँगरच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. एक फळा, चार बाकं आणि पत्र्यावर कावळे. ते मूळचे बेळगावकडचे. शिकवताना इंग्रजीत सुरू करायचे, रंगात आले की कानडीत जायचे आणि चिडले की मराठीत यायचे. त्यामुळे वर्गातल्या कानडी आणि तमिळ मुलांनाही "डोकं ठिकाणावर आहे काय?" एवढं मराठी उत्तम समजायचं.

नियम म्हणजे रुक्ष विषय, असं आम्हाला वाटायचं. विमानात कोणती कागदपत्रं हवीत, वाहतूक मनोऱ्यावरून हिरवा दिवा दाखवला तर काय करायचं, लाल दाखवला तर किती वेळ घिरट्या घालायच्या, गावावरून किती उंचीनं जायचं. पण सर प्रत्येक नियमामागचा माणूस सांगायचे. "हा नियम कुणीतरी मेला म्हणून झाला," असं म्हणून ते सुरुवात करायचे. "तो बिचारा आपल्यासाठी मेलाय. निदान वाचा तरी."

त्यांच्या मते नियमांचं पालन फक्त विमानात बसल्यावर करणं ही ढोंगबाजी होती. ते सायकलवर बसण्याआधी सायकलीभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. टायर दाबून बघायचे, ब्रेक ओढायचे, घंटी वाजवायचे. कुणी त्यांना आपल्या मोटारीतून सोडतो म्हटलं, तर ते त्या मोटारीभोवतीही फेरी मारायचे, आणि मालकाला त्याच्या टायरांविषयी चार शब्द ऐकवून मगच आत बसायचे. हळूहळू लोकांनी त्यांना सोडतो म्हणणं बंद केलं.

पुढे त्यांनी स्कूटर घेतली, तेव्हा तर कहरच झाला. आकाशात असा नियम आहे की इंजिन असलेल्यानं इंजिन नसलेल्याला वाट द्यायची. विमानानं ग्लायडरला, ग्लायडरनं फुग्याला. सरांनी तो नियम यशवंतपूरच्या बाजाराच्या रस्त्यावर लावला. मी त्यांच्या मागे बसले होते. समोरून धान्याच्या पोत्यांनी लादलेल्या बैलगाड्या येत होत्या. सरांनी स्कूटर कडेला घेऊन थांबवली. एक गाडी गेली, दुसरी गेली, मग मोठी रांगच लागली. मागून ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. एक गाडीवान चकित होऊन थांबला आणि "होगी स्वामी, होगी" म्हणजे जा महाराज, जा, असं हात जोडून सांगायला लागला. सरांनीही हात जोडले आणि "नीवु होगी," आधी तुम्ही जा, म्हणाले. शेवटी मी उतरून चालत निघाले.

नियमांचा एवढा पुळका असलेला माणूस नकार द्यायला सदा तयार असणार, असा कुणाचाही समज व्हावा. माझाही होता. तो एका लग्नानं घालवला.

शहरातल्या एका रेशीम व्यापाऱ्याकडे स्वतःचं छोटं विमान होतं आणि खाजगी लायसन्सही. त्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपताच मांडवावर विमानातून फुलं टाकायची, असं त्यानं ठरवलं. क्लबात येऊन त्यानं ते ऐटीत सांगितलं. सर कोपऱ्यात बसून पुरी खात होते.

"नाही टाकता येणार," सर म्हणाले.

"फुलं आहेत हो, सर. दगड नाहीत."

"उडत्या विमानातून परवानगीशिवाय काहीही टाकता येत नाही. आणि गावावर एवढं खाली येताही येत नाही. इंजिन बंद पडलं तर तू कुठं उतरणार? मांडवात?"

व्यापारी नाराज झाला. त्याची मुलगीही त्याच्याबरोबर आली होती. तिचा चेहरा पडला. सर तिच्याकडे बघत राहिले, मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "नियमात 'परवानगीशिवाय' म्हटलंय. 'कधीच नाही' असं म्हटलेलं नाही. लग्न कधी आहे?"

त्यानंतर ते स्वतः दोनदा विमानखात्याच्या कचेरीत जाऊन बसले. मांडव गावातल्या मंगल कार्यालयातून हलवून जक्कूरजवळच्या मोकळ्या माळावर घालायला लावला. कुठून यायचं, कुठं टाकायचं, गडबड झाली तर कुठल्या शेतात उतरायचं, सगळं आखून दिलं. परवानगी आली. लग्नाच्या दिवशी शेवंतीच्या पाकळ्या बरोबर मांडवावर पडल्या, थोड्या पलीकडच्या म्हशींवरही पडल्या. सर मांडवात नव्हते. ते माळाच्या टोकाला छत्री घेऊन उभे होते आणि वाऱ्याची दिशा बघत होते. मुलगी जेवणाचं ताट घेऊन त्यांना शोधत तिथं गेली.

माझं शिक्षण चालू होतं. टायगर मॉथ नावाच्या, एकावर एक पंख असलेल्या उघड्या विमानात, वारा तोंडावर घेत. मी एकटीनं पहिल्यांदा उडाले, पेपर पास झाले, आणि मग अडचण आली ती लांबच्या उड्डाणाची. लायसन्ससाठी एकटीनं दुसऱ्या गावापर्यंत जाऊन यावं लागे. मला म्हैसूरला जायचं होतं. क्लबच्या समितीतल्या एका वयस्कर सभासदांनी हरकत घेतली. मुलगी वाटेत कुठं उतरली तर जबाबदारी कुणाची, तिच्या वडिलांना काय सांगायचं, वगैरे.

सर समितीपुढे नियमांचं पुस्तक घेऊन गेले आणि 'व्यक्ती' हा शब्द जिथं जिथं येतो तिथं तिथं वाचायला लागले. पुस्तक बरंच जाड होतं. तिसऱ्या पानानंतर ते सभासद म्हणाले, "सरी, सरी, बरं, जाऊ दे तिला."

मी गेले. जाताना रामनगरच्या खडकांपलीकडे ढग इतके खाली आले होते की पुढचं काही दिसेना. मी वळले आणि परत आले. उतरताना मला रडू येत होतं. आता ते सभासद काय म्हणतील, याचीच भीती. सर धावत विमानाशी आले. त्यांना मी त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"का वळलीस?"

"पुढचं दिसत नव्हतं."

"मग?"

"मग काय? परत आले."

त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "जाऊन येणारे पुष्कळ मिळतात मला," ते म्हणाले. "वळणारे मिळत नाहीत." आणि तिथंच त्यांनी ते वाक्य सांगितलं जे मी पुढे अनेकांना सांगितलं: "लायसन्स सरकार देतं. पण आज उडायचं की नाही, ही परवानगी रोज सकाळी आपली आपल्याला द्यायची असते."

पुढच्या आठवड्यात स्वच्छ हवेत मी म्हैसूरला जाऊन आले. लायसन्स हातात आलं त्या दिवशी सर मला म्हणाले, "या, बसा." मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. कुणी नव्हतं. लायसन्स मिळालेल्या प्रत्येकाला ते त्या दिवसापासून अहोजाहो करायचे. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण त्यांनी पुन्हा कधी 'अगं' म्हटलं नाही.

सर स्वतः मात्र उडत नसत. का, याबद्दल क्लबात नाना तर्क होते. कुणी म्हणे त्यांना उंचीची भीती वाटते, कुणी म्हणे ते कधी शिकलेच नाहीत. खरं मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. चामराजपेटेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी गेले तेव्हा सर बाहेर गेले होते आणि अक्का शेंगा निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं.

"उडायचे की," अक्का म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा लायसन्स होतं ह्यांच्याकडे. मग खोकला सुरू झाला. लायसन्स पुढं चालू ठेवायला डॉक्टरकडे तपासणी असते, तिथं त्या डॉक्टरनं नीट बघितलंसुद्धा नाही. सही करायला पेन काढलं. तर हेच म्हणाले, थांबा, मला रोज संध्याकाळी ताप येतो."

"मग?"

"मग फोटो काढला. छातीत डाग. क्षय." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "बरे झाले, देवाची कृपा. पण लायसन्स गेलं. दर वर्षी तपासायला जातात. दर वर्षी डॉक्टर म्हणतो, आणखी एक वर्ष बघू. हे परत येतात, जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी शिकवायला जातात."

"चिडत नाहीत?"

"नियम बरोबर आहे म्हणतात. आपल्याशेजारी कुणी बसलेलं असतं, खाली कुणी राहत असतं, म्हणतात. मी चिडते. दोघांपैकी एकानं तरी चिडायला हवं की."

त्यानंतर वर्गात त्यांच्याकडे बघताना मला निराळंच वाटायचं. फळ्यावर विमान काढून ते धावपट्टीवर कसं उतरवायचं हे सांगताना त्यांचा डावा हात नकळत पुढं जाऊन मूठ वळायचा, जणू त्यात इंजिनाची कळ आहे.

आणि मग, मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागून काही वर्षं झाली होती तेव्हा, डॉक्टर एकदाचा 'हो' म्हणाला. सर क्लबात आले, नेहमीच्या जागी बसले, चहा प्याले, आणि कप खाली ठेवताना सहज म्हणाले, "मी पास झालो तपासणीत." मग सगळे एकदम बोलायला लागले.

पण जुनं लायसन्स रद्द होऊन इतका काळ गेला होता की सगळं पहिल्यापासून करणं भाग होतं. पेपरसुद्धा. जो विषय ते इतकी वर्षं शिकवत आले होते, त्याच विषयाचा. एका सभासदानं सुचवलं की वर अर्ज करून तुम्हाला पेपरची माफी मागता येईल. सर म्हणाले, "कशाला? मला येतो तो विषय." ते स्वतःच्याच विद्यार्थ्यांबरोबर बाकावर बसले. सगळे लिहून उठले तरी हे लिहीतच होते. निकाल आला तेव्हा एक उत्तर चुकलं होतं. तो नियम नुकताच बदलला होता आणि सरांनी जुना लिहिला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तो नवा नियम फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "हा मला येत नव्हता. तुम्हाला आला पाहिजे."

त्यांना विमानात शिकवायला जो तरुण प्रशिक्षक होता, तो त्यांच्याच वर्गातून पुढं गेलेला. तो त्यांना 'सर' म्हणायचा आणि तेही त्याला 'सर' म्हणायचे. तोवर क्लबात पुष्पक विमानं आली होती, बंद केबिनची, दोघांनी शेजारी शेजारी बसायची. सरांचा हात लवकर बसला.

शेवटची परीक्षा घ्यायला बाहेरगावचा परीक्षक आला. तो वर्षातून थोड्याच वेळा यायचा. आम्ही बरेच जण त्या सकाळी मुद्दाम जमलो होतो. सरांनी विमानाभोवती फेरी मारली, प्रत्येक बिजागरी हलवून बघितली. मग उभं राहून एक शिंक दिली. लागोपाठ दुसरी. ते परीक्षकाकडे गेले.

"साहेब, मला सर्दी आहे. कान बंद झालाय डावा. आज मी उडायला योग्य नाही."

परीक्षक भला माणूस होता. "अहो, मैदानाभोवती फेऱ्या मारायच्या," तो म्हणाला. "फार वर जाणार नाही आपण. मी तर काही ऐकलं नाही."

"मी ऐकलं," सर म्हणाले.

परीक्षक गेला. मला इतका संताप आला की मी सगळ्यांसमोर सरांना विचारलं, "एवढी वर्षं थांबलात आणि शिंकेसाठी सोडून दिलंत?"

ते बाकावर बसून नाक पुसत होते. "तेव्हा ताप सांगितला मी," ते म्हणाले. "तो सांगितला म्हणून सगळं गेलं. आज शिंक लपवली, तर मग तो तरी कशाला सांगितला?"

अक्का त्या दिवशी त्यांच्यावर चिडल्या असतील असं मला वाटलं होतं. संध्याकाळी गेले तर त्या त्यांना आल्याचा काढा देत होत्या आणि म्हणत होत्या, "प्या. आता पुढच्या वेळेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही."

पुढची वेळ थंडीत आली. त्या काळात अक्कांनी त्यांना कानटोपीशिवाय घराबाहेर पडू दिलं नाही. तोच परीक्षक होता. उतरल्यावर त्यानं काय सांगितलं ते आम्हाला लांबून ऐकू आलं नाही. पण सरांनी कानटोपी काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले, एवढं दिसलं.

लायसन्स आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते अक्कांना घेऊन आले. खाजगी लायसन्सवर पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत, आपली माणसं मात्र नेता येतात. अक्का हिरव्या काठाची साडी नेसल्या होत्या, पदर घट्ट खोचलेला. सरांनी त्यांना पट्टा कसा बांधायचा, दार कसं उघडायचं, काय धरायचं नाही, सगळं रीतसर समजावलं. अक्कांनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोललं तर चालतं काय?"

"चालतं. पण ऐकू येत नाही."

ते गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. मी हँगरच्या सावलीत बाकावर बसले होते. दोघं येऊन माझ्या शेजारी बसली. अक्कांचे केस विस्कटले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या हसत होत्या.

"काय काय बघितलंत?" मी विचारलं.

"आमचं घर काही सापडलं नाही. तळी दिसली. मग ह्यांना म्हटलं, खूण करून, की तिकडं घ्या. क्षयात हे पडून होते ना, त्या इस्पितळाकडे. नेलं मग. सारखी कौलं, आणि ती लांब पडवी. पडवीत खाटा लावायचे पेशंटच्या, हवा मिळावी म्हणून. अजून तशाच आहेत. माणसं होती खाटांवर." त्यांनी डोळे पुसले. "मी हात केला त्यांना."

"नियमाप्रमाणे उंचीवर होतो मी," सर म्हणाले. "तिथून हात दिसत नाही खाली."

"ठाऊक आहे. तुमच्या खाटेशी बसून मीसुद्धा हात करत होते, वरून विमान गेलं की. वरच्याला तरी कुठं दिसायचा?"

सर अक्कांकडे वळले. हे त्यांना ठाऊक नसावं. ते तेव्हा तापात असतील, किंवा झोपेत.

"मी असतो वर," ते म्हणाले, "तर मला दिसला असता."

आणि ते उठून अक्कांसाठी चहा आणायला गेले.